जगले ते औषधाचे

एम.फार्मला होते तेव्हा माझ्या अंगाला उंदरांच्या मुताचा वास यायचा. दोनदा साबण लावला तरी जायचा नाही. निफाडच्या एसटीत शेजारची बाई नाकाला पदर लावून बसायची. पण पुढे जी किळस आली तिच्यापुढे हा वास काहीच नव्हता.

माझा विषय होता फिट्सवरचं औषध. हृदयाचे ठोके बिघडण्यापासून ते वाचवतं का, हे बघायचं. अर्ध्या उंदरांना दोन आठवडे रोज औषध पाजायचं, अर्ध्यांना नुसतं पाणी. मग सगळ्यांना ठोके बिघडवणारं इंजेक्शन टोचायचं आणि ईसीजी काढायचा. पिंजरे कमी, म्हणून दोन्ही गट मी एकत्रच ठेवलेले. औषधवाल्यांच्या शेपटीवर मार्करची पट्टी. ती रोज गडद करायची, कारण मेले दिवसभर एकमेकांना चाटत बसतात.

शेवटच्या दोन दिवसांत नेमकं चुलतबहिणीचं लग्न आलं. औषध पाजलं की मी एसटीकडे धूम ठोकायचे, पट्टी राहूनच गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काय, सगळ्या शेपट्या कोऱ्या! रडत रडत आमच्या गाईड सरांना सांगितलं.

"रडतेस काय? टोच सगळ्यांना. जगतील ते औषधाचे, मरतील ते पाण्याचे."

"पण सर, मग औषधाने वाचले हे कळणार कसं?"

"मग काढ नव्या उंदरांची परवानगी. वर्ष जाईल. चालेल?"

नाही चाललं मला. शी! टोचलं सगळ्यांना. तडफडून मेले ते एका रकान्यात, उरले ते दुसऱ्यात. निकाल इतका देखणा की परीक्षकांनी पाठ थोपटली, आणि मी निर्लज्जासारखी हसले.

पुढच्या वर्षी एक ज्युनिअर माझा प्रबंध घेऊन घरी आली. रडून डोळे सुजलेले.

"ताई, तुमचंच औषध, तुमचाच डोस. तरी माझे औषधाचे उंदीरही मरतायत हो. तिसऱ्यांदा केलं. सर म्हणतात, सोड हे, तुला जमणार नाही. माझं काय चुकतंय?"

तिचं काहीच चुकत नव्हतं. मला तोंड उघडायचं होतं फक्त.

"तुझा हात बसला नाही अजून," मी म्हणाले.

तिने मान डोलावली आणि ते वहीत लिहून घेतलं.