उभ्या ट्रकमधली झोप

दिग्रसच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी भरलेला ट्रक सकाळी साडेसहाला निघणार होता. मी सहालाच फाटकाशी जाऊन उभी राहिले. खांद्यावर पत्रकांची पिशवी होती.

नाशिकहून इतक्या लांब मी एका यंत्रासाठी आले होते. लांब पल्ल्याचे चालक भर उन्हाळ्यात दुपारी केबिनमध्ये झोपतात आणि थंडाव्यासाठी तासन्‌तास इंजिन चालू ठेवतात. उभ्या गाडीचा धूर त्यांच्याच नाकात जातो. आमची संघटना याविरुद्ध दोन वर्षं पत्रकं काढते आहे. ट्रकमालकांच्या मागे लागल्यावर अखेर या ट्रकच्या मालकाने त्याला बॅटरीवर चालणारा एसी बसवला. इंजिन बंद, केबिन थंड. वर त्याने आणखी एक व्यवस्था करून घेतली: गाडी उभी असताना इंजिन पाच मिनिटं चाललं की आपोआप बंद पडतं. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

ट्रकवर हमाल ताडपत्री ओढत होते. चालक शेषराव, पन्नाशीचा सडपातळ माणूस, खालून सांगत होते, "पुढचं टोक केबिनवर घ्या रे. फट ठेवू नका, वारा शिरला का फुगते ते." हमालांनी टोक ओढून केबिनच्या मागच्या बाजूला घट्ट बांधलं. गाठींवर ठिणगी पडू नये, रुई उडू नये, म्हणून इथे सगळे असंच बांधतात.

शेषरावांच्या पत्नी मंदाताई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मागच्या उन्हाळ्यात हे केबिनमंदीच पडलते. घाम येणं बंद झालतं. डॉक्टर म्हणे, पुन्हा असं झालं तर काही सांगता येत नाही. तुम्ही संग जाऊन राह्यल्या, तर लक्ष ठेवजा."

ठेवते, म्हणाले मी. त्यांच्या डोळ्यांकडे मात्र बघवलं नाही.

आर्णीला पोहे खाल्ले. पोह्यांवर तर्री (हरभऱ्याचा तिखट, तेलाचा रस्सा) आणि वर मूठभर सांबार. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर. मी ताटात इडलीसोबतचं सांबार शोधत होते, हे बघून शेषराव हसून हसून खोकले. "नाशकाच्या लोकाइले काहीच कसं माहीत नसते, ताई?"

पुढे घाटंजीचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना उलंगवाडी (कापूस वेचून संपलेली, रिकामी शेतं) झालेली होती. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या होत्या. सागाला एकही पान नव्हतं, त्यामुळे टेकड्यांची हाडं दिसत होती. नऊ वाजताच काच हाताला चटके देत होती. चालत्या गाडीत इंजिनचा एसी छान चालत होता, तरी माझं लक्ष शेषरावांच्या कपाळाकडे होतं. घाम आहे. ठीक आहे. पाच मिनिटांनी पुन्हा बघायचं.

"काहून पाहून राह्यल्या माझ्याकडं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मंदीनं सांगतलं वाटते. तिले वाटते, मी काचेचा आहो."

पांढरकवड्याला पोहोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. महामार्गाला लागून हनीफभाईंचं गॅरेज आहे, शेजारी एक धाबा आणि एक मोठा कडुनिंब. बॅटरीचा एसी हनीफभाईंनीच बसवलेला. त्यांनी मला तो फिरून दाखवला: केबिनखाली चार जादा बॅटऱ्या, गाडी चालताना त्या भरतात. गरम हवा बाहेर टाकणारा पंखा केबिनच्या पाठीवर. तो पाहायला मात्र त्यांना ताडपत्रीच्या कडेतून मान वाकडी करावी लागली. त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

"रिकाम्या गाडीत दोन दिवस चालवून पाह्यला," ते म्हणाले. "एकदम बर्फ."

जेवण झालं. भाकर, ठेचा आणि डब्यातलं वांग्याचं भरीत. शेषरावांनी निंबाखालची बाज ओढली. "मी इथंच पडतो, ताई. हवा आहे."

मी म्हणाले, "भाऊ, आत झोपा ना. यंत्र त्याच्यासाठीच तर आहे. इथले बाकीचे चालक बघतील." मला पुढच्या पत्रकासाठी फोटोही हवा होता. ते उठले. "चाला, तुमच्यासाठी झोपतो." केबिनमध्ये चढून त्यांनी बॅटरीचा एसी लावला, काचा बंद केल्या, पडदा ओढला.

धाब्यावर पाच-सहा चालक बसले होते. दोघांच्या गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या. मी पत्रकं वाटली आणि ऐकवलं: तुमचा मालक गार खोलीत बसतो, तुम्ही धूर खाता, मागत का नाही? ती बघा, इंजिन बंद आहे आणि माणूस आत गार झोपलाय.

मिशीवाला एक चालक पत्रकाने वारा घेत म्हणाला, "मॅडम, पत्रक कामाचं हाय. हवा चांगली लागते." सगळे हसले. मला राग आला आणि मी आणखी मोठ्याने बोलायला लागले. माझं बोलणं चालू होतं त्या सगळ्या वेळात मी ट्रककडे पाहिलं नाही.

पाऊण तास झाला असेल. हनीफभाई हात पुसत आले आणि ट्रकच्या खाली बघत थांबले.

"ताई, पाणी टपकून नाही राह्यलं."

"कसलं पाणी?"

"एसी चालू असला तर खाली पाणी टपकते. जमीन सुकी आहे पूरी."

ते धावले. मी मागून. दार आतून लावलेलं. हनीफभाईंनी काचेवर थापा मारल्या, हाका मारल्या. पडदा हलला नाही. मिशीवाल्याने पाना आणून दुसऱ्या बाजूची काच फोडली. आतून जी हवा आली ती भट्टीची होती. शेषराव बर्थवर पडून होते, डोळे अर्धे उघडे, काहीतरी पुटपुटत होते. मी त्यांच्या कपाळाला हात लावला. तापलेलं, आणि कोरडं. पूर्ण कोरडं.

त्यांना निंबाखाली आणलं. त्याच बाजेवर. गळ्याला, काखेत ओली फडकी लावली, धाब्याचा बर्फाचा डबा रिकामा केला. हनीफभाईंनी ऑटो बोलावला आणि सरकारी दवाखाना गाठेपर्यंत मिशीवाला चालक ओल्या पंच्याने वारा घालत राहिला. सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाल्या, "अजून पंधरा-वीस मिनिटं गेली असती तर मी काही करू शकले नसते."

हनीफभाई व्हरांड्यात जमिनीवर बसले होते. "पंख्याची गरम हवा ताडपत्रीनं दाबून ठेवली. गाडी चालते तवा बाजूनं वारा लागते, काही होत नाही. उभी राह्यली का कोंडते. मशीन गरम झालं, बंद पडलं. गाडी रिकामी होती ना माझ्याकडं, ताडपत्रीच नव्हती." थोड्या वेळाने म्हणाले, "मी मान वाकडी करून पाह्यलं होतं, बेटा. तरी डोक्यात नाही आलं."

शेषरावांना निंबाखालून मी उठवलं होतं.

शेषराव शुद्धीवर आले तेव्हा पहिलं वाक्य, "मंदीले सांगू नका." तेवढ्यात त्यांचाच फोन माझ्या हातात वाजला. मंदाताई. मी बाहेर गेले आणि सगळं सांगितलं, बाजेचंसुद्धा. मग त्यांनी एवढंच विचारलं, "आता घाम येऊन राह्यला का?"

मी आत जाऊन बघितलं. कानामागे, गळ्यापाशी, बारीक थेंब होते. "येतोय," म्हणाले. तिकडून हुंदका ऐकू आला आणि फोन बंद झाला.

मालकाने दुसरा चालक पाठवला. ट्रक संध्याकाळी पुढे गेला. तो निघण्यापूर्वी हनीफभाईंनी त्याची ताडपत्री सोडून पंख्यामागे हातभर फट ठेवून पुन्हा बांधली. मी मालकाला फोन केला. एसी बंद पडला तर केबिनमध्ये जोरात वाजेल अशी घंटी बसवा, आणि तोवर ते इंजिन आपोआप बंद करणं काढून टाका, म्हणजे उकाड्याने जाग आलेल्या माणसाला निदान इंजिनचा एसी लावता येईल. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तर म्हणत होत्या, इंजिन बंद पाहिजे."

दुसऱ्या सकाळी मंदाताई आल्या. त्या थेट शेषरावांच्या खाटेशी जाऊन बसल्या. निघताना मी पाया पडायला वाकले तर त्यांनी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

नागपूरची बस करंजीला थांबली. धाब्यासमोर गाठींचा एक ट्रक उभा होता. ताडपत्री केबिनपर्यंत ओढलेली, पडदे लावलेले. मी कंडक्टरला म्हटलं, दोन मिनिटं, आणि उतरून काचेवर थापा मारत सुटले. पडदा सरकला. आतला माणूस डोळे चोळत म्हणाला, "काय कटकट आहे, बाई? कायले उठवता? आताच लागला होता डोळा." मी माफी मागितली. तो बरंच काही बोलला. ते सगळं मी शेवटपर्यंत उभी राहून ऐकलं.

नाशिकला आल्यावर नवं पत्रक लिहायला घेतलं. इंजिन बंद ठेवा, हे अजूनही म्हणते. धूर खोटा नाही. पण त्याच्या आधी ताडपत्रीचं लिहिलं आहे, घंटीचं लिहिलं आहे, आणि ज्याला झोपायचं आहे त्याने ठरवावं कुठे झोपायचं, हेही. काल हनीफभाईंचा फोन आला. घंटी त्यांनी बनवून ठेवली आहे, पण ती बसवण्यासाठी मालक गाडी थांबवायला तयार नाही. शेषराव परवा त्याच ट्रकमधून पुन्हा गाठी घेऊन निघताहेत.