गोदामाचा मुहूर्त

माणूस अडाणी असला तर मला राग येत नाही. अडाणी असून ठाम असला की डोकं फिरतं. आमचे शेठ ठाम होते. नाशिकच्या भर बाजारात त्यांचं साड्यांचं दुकान आणि वर पोटमाळ्यावर त्यांची वेबसाइट, म्हणजे दोन टेबलं. एकावर मी, वेबसाइटवर कोण आलं आणि काय बघून गेलं याचा हिशेब ठेवणारी. दुसऱ्यावर माझी मैत्रीण. ती साड्यांचे फोटो काढायची, माहिती लिहायची.

तिचा नवरा तोफखान्यात. तो बदलीवर दूर गेला होता आणि ती मुलीच्या शाळेसाठी देवळाली कॅम्पलाच राहिली होती. लग्नापासून दर बदलीला तिची एकेक नोकरी सुटत आली होती. ही मात्र सोडायची नाही असं तिने ठरवलं होतं. तिने आपणहून वेबसाइटवर एक पान तयार केलं, नऊवारी कशी नेसायची ते दाखवणारं. घरातल्या कपाटाच्या आरशासमोर उभी राहून ती बोलत बोलत निऱ्या घालायची. बायका ते पान पुन्हा पुन्हा बघायच्या. शेठना ते खुपायचं. त्या पानावर विकायला काहीच नाही, मग त्यासाठी पगार कशाला द्यायचा, असं ते जाता-येता ऐकवायचे.

तिचं म्हणणं होतं की पितृपक्षात बायका साडी घेत नाहीत, पण बघतात. बघून ठेवतात आणि घट बसले की येऊन घेतात. मला ते पटत होतं. पण शेठना पटवायचं तर पितृपक्षात पान बघणारी आणि नंतर साडी घेणारी बाई एकच, हे दाखवायला हवं होतं. वेबसाइटच्या अहवालात इतका बारीक तपशील दोनेक महिने राहतो, मग नुसत्या बेरजा उरतात. तो जपायचा तर रोजच्या रोज क्लाउडवरच्या डेटा वेअरहाऊसमध्ये पाठवावा लागतो. काम एका दुपारचं. अट एकच, जोडणी कराल त्या दिवसापासूनचा तपशील तिथे जातो. मागचं काही येत नाही.

गणपती उठले त्याच दिवशी मी शेठना हे सगळं सांगितलं, कारण खातं त्यांच्या नावावर होतं आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर यायचा. वेअरहाऊस म्हणजे गोदाम एवढं त्यांना कळलं, बाकीचं डोक्यावरून गेलं. पितृपक्ष लागतोय, अशात नवीन गोदाम कुणी उघडतं का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, शेठ, हेच पंधरा दिवस तर हवेत. ते हसले. मागचा माल आत घेता येत नाही ते गोदाम कसलं, म्हणाले. पितृपक्ष मीही पाळते. सासऱ्यांच्या तिथीला पान वाढते, कावळा शिवेपर्यंत जेवत नाही. पण ओटीपी सांगितला म्हणून कुणाचे पितर रागावल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

घट बसले तरी शेठ हलेनात. गोदाम म्हटलं की दसराच, साडेतीन मुहूर्तांतला. दसऱ्याला ते नारळ घेऊन पोटमाळ्यावर आले आणि गोदाम कुठे आहे ते विचारू लागले. मी म्हटलं, मुंबईत कुठेतरी, आणि तेही आपलं नाही. मग हार कुठे घालायचा याची चर्चा झाली. शेवटी इंटरनेटच्या राउटरला झेंडूचा हार घातला, मी बटण दाबलं आणि पेढे वाटले. मैत्रीण पेढा हातात धरून माझ्याकडे बघत होती. बघणाऱ्या बायका कधीच बघून गेल्या होत्या, हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच कळत होतं.

दिवाळी जोरात गेली. संक्रांतीला शेठनी हिशेब मागितला. गोदामातला तपशील चोख होता, पण दसऱ्यापासूनचा. त्यात बायका सरळ साडीवर येत होत्या आणि घेऊन जात होत्या. नऊवारीच्या पानाकडे जवळजवळ कुणी फिरकलं नव्हतं. ह्या बायका आधीच बघून गेल्या आहेत, असं म्हणत मी पितृपक्षातल्या अहवालाचे जपून ठेवलेले स्क्रीनशॉट पुढे केले.

"हे नुसते फोटो आहेत, मॅडम," शेठ म्हणाले. "गोदामात असेल ते दाखवा. डेटा खोटं बोलत नाही."

ज्या माणसाने पुराव्याला पंधरा दिवस दाराबाहेर उभं केलं, तोच आता पुरावा मागत होता, आणि वर मला शहाणपण शिकवत होता. असल्या माणसाच्या हाती डेटा देऊच नये, असं माझं तेव्हापासून मत आहे.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते पान काढायला लावलं आणि तिलाही काढलं. तो किंक्रांतीचा दिवस होता. पण माणूस काढायला शेठना मुहूर्त लागला नाही. मैत्रिणीने खणातली सेफ्टी पिनांची डबी पर्समध्ये टाकली.

"पुढच्या वर्षी बायका येतील गं," एवढंच म्हणाली. "त्यांना कुणी सांगायचं?"

पुढच्या पितृपक्षात त्या आल्या. आता गोदाम सगळं टिपत होतं. बंद केलेल्या पानाच्या पत्त्यावर बायका रोज येत होत्या, 'पान सापडत नाही' असं वाचून परत जात होत्या, आणि त्यांच्यातल्या कितीतरी पुन्हा येऊन बघत होत्या. मी ते सगळं शेठपुढे ठेवलं. गोदामातलंच होतं, नुसते फोटो नव्हते.

"बोलवा तुमच्या मैत्रिणीला परत," ते म्हणाले. "पण आत्ता नको, पितृपक्ष आहे. घट बसू द्या."

मी वर येऊन लगेच तिला फोन लावला. पलीकडे बायकांचा गलका ऐकू येत होता. ती दुसऱ्या एका साडीवाल्यांकडे लागली होती, आणि नऊवारीचं पान तिथे सुरूही झालं होतं. कधी लागलीस, मी विचारलं.

"परवाच. मी म्हटलं होतं, पितृपक्ष संपू द्या. तर मालकीणबाई म्हणाल्या, बायका आत्ताच तर बघतात."

शेठना मी हे लगेच सांगितलं नाही. घट बसेपर्यंत थांबले.