गेरूचा ठिपका

आमच्या प्रयोगशाळेतले माशीमामा कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसत. बाटलीवरची चिठ्ठी मी लिहिलेली असली तरी ते बाटली खिडकीपाशी धरून आतल्या माश्या निरखत. “तोंडी मी धरत न्हाई, सर.” बोरीकडच्या मेंढपाळाच्या घरातले मामा परभणीच्या आमच्या कॉलेजात परिचर होते आणि माझ्या फळमाश्यांचा कळप सांभाळत. मका-गुळाची खीर शिजवायची, बाटल्यांत ओतायची, कापसाचे बोळे बसवायचे. बोळा सैल दिसला की मलासुद्धा दरडावत, “कोण आलतं हितं?”

एका वर्षी माझ्या एका वाणातले नर जुगत, माद्या अंडी घालत, पण अळ्या निघेनात. मला मामांच्या खिरीचा संशय आला.

“खीर चांगली हाय. नर खोटा हाय,” मामा म्हणाले. “आमच्यात बी निघतो असा एखादा मेंढा. नुसता मिरवायलाय.”

“मामा, ही मेंढरं नाहीत.”

“मग बघा की त्याच्या पोटात.”

मी पाहिलं नाही. आठवड्याने चार बाटल्यांत अळ्या वळवळताना दिसल्या. चारही बाटल्यांवर मेंढरांना लावतात तसा गेरूचा ठिपका होता.

“यात हात कुणी घातला?”

“मीच. माद्या त्याच ठिवल्या, नर दुसरा सोडला. ठिपका त्याच्यासाठीच...”

पुढचं मी ऐकलं नाही. मामा माश्या मिसळून माझं काम बिघडवतात, अशी लेखी तक्रार प्राचार्यांकडे दिली. मामांची बदली कॉलेजच्या फाटकावर झाली.

त्यानंतर मी ते नर सूक्ष्मदर्शकाखाली उकलले. या माशीत एका पेशीपासून चौसष्ट शुक्राणू जुडीने वाढतात. शेपट्या जवळजवळ माशीएवढ्या लांब. शेवटी जुडी सुटून एकेक मोकळा व्हावा लागतो. इथे एकही जुडी सुटलेली नव्हती. नर खोटाच होता. त्यावर छापलेल्या शोधनिबंधावर नाव मात्र माझं एकट्याचं लागलं. तक्रार मागे घ्यायची तर कारण सांगावं लागलं असतं. निवृत्त होईपर्यंत मी त्याच फाटकातून मान खाली घालून जात राहिलो.

गेल्या महिन्यात बोरीला गेलो. मामा आता फार थकलेत. मला पाहताच बाजेवरून उठू लागले.

“सर, आता काय बिघडलं?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे, खिडकीपाशी बाटली धरल्यासारखं, बराच वेळ निरखून पाहिलं.

“तक्रार कागदावर दिलती ना? मग हे बी कागदावर द्या. तोंडी मी धरत न्हाई.”

म्हणून लिहून देतो. नर खोटा आहे हे मामांनी आधी ओळखलं, आणि पडताळूनही त्यांनीच पाहिलं. खोटी होती ती माझी तक्रार.