धुक्यातले फटाके

पार्ड्यूंच्या घरात रुळांशी नातं नसलेला माणूस सापडणं कठीण. एनॉक पार्ड्यूच्या बापानं इंग्लंडातल्या लिंकनशायरच्या दलदलीत भराव घालून थॉर्पवेलची लाइन टाकली. एनॉक त्याच लाइनवरचे रूळ राखायचा. त्याची बायको हेटी स्टेशनातल्या खोल्या झाडायची, आणि हेटीचा भाऊ जेबेझ मालगाडीचा गार्ड होता. एनॉकचा एकुलता एक मुलगा क्लेम तेवढा इंजिनात कोळसा टाकता टाकता पलटणीत भरती झाला आणि फ्रान्सला गेला.

रेल्वेवाल्यांची एक रीत होती. लग्न असो, कुणाचा नोकरीतला शेवटचा दिवस असो, गाडीच्या वाटेवर रुळाला फटाके बांधायचे. हे फटाके म्हणजे बारूद भरलेल्या पत्र्याच्या चपट्या डब्या, खरं तर धुक्यासाठीच्या. दाट धुक्यात ड्रायव्हरला सिग्नल दिसत नाही. तेव्हा एनॉक सिग्नलखाली शेगडी पेटवून बसे, आणि सिग्नल बंद असेल तर डबी रुळावर ठेवी. चाकाखाली ती फुटली की ड्रायव्हर ब्रेक लावी.

लढाई संपून क्लेम घरी यायचा होता, त्या सकाळी मेहुणे-मेहुणे डब्यांची पिशवी घेऊन निघाले.

"किती लावायच्या?" जेबेझनं विचारलं.

"तुझ्या लग्नाला किती होत्या?"

"सहा. सातवा बार घरी गेल्यावर बायकोनं उडवला."

"मग बारा लाव. पोरगं लढाई जिंकून येतंय."

हेटी दारातूनच म्हणाली, "एनॉक, राहू दे ना. तोफा ऐकल्यापासून त्याला झोप लागत नाही म्हणे."

"अगं, रुळाच्या कडेला जन्मलाय तो. लहानपणी रात्रीची मेल गेल्याशिवाय डोळा लागायचा नाही त्याचा. आवाजाला घाबरेल होय?"

गाडी आली. बारा बार उडाले, फलाटावर टाळ्या पडल्या, बँड वाजू लागला. एनॉकनं हसत हसत डब्याचं दार उघडलं. बाकावर क्लेमची टोपी होती, खाली पिशवी होती. पलीकडच्या बाजूचं दार सताड उघडं होतं आणि त्याच्यापुढे नुसती दलदल, वाऱ्यानं वाकलेलं लव्हाळं.

जेबेझ कित्येक महिने गाडीच्या मागच्या डब्यातून कडेकडेनं नजर टाकत राहिला. दलदलीतलं पाणी सोडणाऱ्या पाटाच्या दारांपाशी एक उघड्या डोक्याचा माणूस दिसला, असं कुणी सांगायचं. पण क्लेम जिवंत सापडला नाही, मेलेलाही नाही. हेटीनं नवऱ्याला एका शब्दानं दोष दिला नाही. तिनं टोपी खुंटीला टांगली आणि दर शनिवारी ती ब्रशनं झाडू लागली. त्या ब्रशच्या आवाजापुढे एनॉकला घरात बसवेना.

नोव्हेंबरात धुकं उतरलं. भर सकाळी हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. सिग्नल बंद होता, पुढे जेबेझची मालगाडी रुळावर उभी होती. एनॉकनं डबी ठेवली आणि शेगडीपाशी परत आला.

मागे खडी वाजली. एनॉकच्या पाठीमागे येऊन पावलं थांबली.

"कोण आहे?"

नुसता श्वास. बाळपणी दमा लागलेल्या क्लेमला कुशीत घेऊन त्यानं तो श्वास रात्र-रात्र ऐकला होता. एनॉकनं मान वळवली नाही. पाखरू जवळ येऊन बसल्यावर माणूस हलत नाही, तसा तो स्थिर राहिला.

दुरून प्रवासी गाडीची घरघर येऊ लागली. डबी फुटली तर पोरगा पुन्हा पळणार. आणि डबी काढली तर गाडी सरळ जेबेझवर जाणार. एनॉकचा हात एकदा रुळाकडे गेला, आणि मागे आला.

"क्लेम," तो समोर बघतच म्हणाला, "एक बार होणार आहे, पोरा. एकच. मीच ठेवलाय. कान झाक. मी इथून हलत नाही. आली बघ गाडी... आता."

बार उडाला. ब्रेक किंचाळले. त्याच क्षणी एनॉकचा कोट पाठीमागून कुणीतरी मुठीत गच्च धरला.

गाडी थांबली. वाफ फुसफुसत राहिली.

"त्या दिवशी का नाही सांगितलं, बाबा?" पाठीशी आवाज आला.

"मला कळलं नाही रे."

बराच वेळ मूठ तशीच होती. मग पुढची मालगाडी निघून गेली, सिग्नल पडला, गाडी सरकली, आणि तिच्या खडखडाटात पाठीवरचा भार केव्हा गेला ते एनॉकला समजलं नाही. वळून पाहिलं तर धुकं. शेगडीजवळचा त्याचा शिदोरीचा डबा मात्र उघडा होता, आणि पावाचा एक तुकडा कमी होता.

घरी त्यानं काहीच सांगितलं नाही. हेटीनं त्याचा कोट टांगायला घेतला आणि हातातच धरून राहिली. पाठीवर काळ्या चिखलाच्या पाच बोटांचा चुरगळलेला ठसा होता. तिनं ब्रशला हात लावला नाही.

दुसऱ्या सकाळी तिनं चरबी लावलेल्या पावाचे तुकडे दुप्पट भरले, खुंटीवरची टोपी काढून डब्यावर ठेवली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"जा लवकर," ती म्हणाली. "धुकं अजून आहे."