देवाच्या दिव्याचं तूप

माझी नात आठ महिन्यांची होती तेव्हा तिचं वजन वाढायचं थांबलं. अंगणवाडीच्या तक्त्यावर तिची रेघ दोन महिने आडवीच पडून होती. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, पण दुखणं काही सापडलं नाही. इतकी वर्षं न चुकता महादेवाला पाणी घालतो, मग माझ्याच घरी असं का? लपवत नाही, तेव्हा माझी श्रद्धा डळमळली होती.

मग मी भला मोठा नवस बोललो. पोरीचं वजन वाढेपर्यंत आमच्या घरात तेल-तूप बंद. तसंही माझ्या रक्तात चरबी निघाली होती आणि साकोलीच्या दुकानात बसून बसून पोटही सुटलं होतं, म्हणजे एका नवसात दोन कामं. मुलगा उकडलेल्या भाजीकडे बघून नुसते उसासे टाकायचा. सून तर सासऱ्याच्या नवसापुढे काय बोलणार? तिची जवसाची चटणीही मी बंद केली. जवसातही तेल असतं, हे मीच तिला मोठ्या अभिमानाने समजावून सांगितलं होतं.

देवाला मात्र सूट होती. एका सोमवारी सुनेनं कढवलेल्या तुपाचा डबा घेऊन आम्ही सानगडीला, तलावाच्या पाळीवरच्या महादेवाला गेलो. मी दिव्याची तयारी करत होतो. मागे सभामंडपात सून पोरीला वरणाचं पाणी घातलेला भात भरवत होती. तिच्या शेजारी साठीची एक बाई येऊन बसली. नाकाडोंगरीची होती, लेकीकडे आली होती. उभा जन्म अंगणवाडीत गेलेला.

पोरीचा दंड चाचपून तिने विचारलं, "भातात तूप नाही घालत काय, माय?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन नवस सांगितला, माझ्या रक्तातल्या चरबीचंही सांगितलं. बाई कौतुक करेल अशी माझी खात्री होती.

"भाऊ, चरबी तुमच्या रक्तात. अन् त्या चरबीपायी बोललेला नवस या लेकरानं काहून फेडावा?"

मी चाट पडलो.

"लेकराचं पोट केवढंसं, मूठभर. दोन घासांत ताकद यावी तर त्यात तूप-तेल पायजे. याच वयात मेंदू भराभर वाढून राहिला असते, त्यालेही स्निग्ध लागते. अन् हिच्या मायले जवस, मासोळी खाऊ द्या. माय चांगलं खाईल, तेच दुधातून लेकराले मिळते."

"पण नवस मोडला तर?" माझा आवाज बारीक झाला होता.

"नवस बोलला कोण?"

"मी."

"मंग तुम्ही पाळा!"

असं म्हणून तिने माझ्या हातातला डबा घेतला, अर्धा चमचा तूप भातात कालवलं आणि वाटी सुनेच्या हातात दिली. देवाचं तूप! मी घाबरून पिंडीकडे पाहिलं. पिंडी शांत होती. इकडे पोरीने पहिला घास चाखला, दुसऱ्यासाठी चमचाच धरून ठेवला, आणि वाटी संपल्यावर गाभाऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशी ढेकर दिली. तिच्याबरोबर सून हसली. कित्येक दिवसांनी तिला हसताना पाहिलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवा लावून वळलो तर बाई निघून गेली होती. नाव विचारायचंही राहून गेलं. पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितलं. म्हणाले, "घरातलं तेल-तूप बंद करण्याआधी मला का नाही विचारलंत?" महिनाभरात तक्त्यावरची रेघ हळूच वर वळली. तेवढे दिवस घरात बिनतेलाची भाजी मी एकट्याने खाल्ली, आणि ती किती वाईट लागते ते मला तेव्हा कळलं.

ती बाई त्याच सोमवारी, त्याच वेळी तिथे कशी आली, याचा मी आता शोध घेत नाही. मी देवाला अटी घालत होतो, आणि तो माझं ऐकून न घेता माझ्या नातीकडे बघत होता. आता फक्त हात जोडतो, मागत काही नाही. कधी नवस बोलावासा वाटलाच, तर आधी सुनेला विचारतो. अजून तिने एकालाही होकार दिलेला नाही.