गोपिकाबाई आणि पूर्वेची धार

आचलने आपल्या होणाऱ्या सासूला पाहिलं नंतर, ऐकलं आधी. कारंजा घाडग्याहून स्थळ पाहायला निघालेली त्यांची जीप नदीकाठी थांबली, आणि समोरून असा एक आवाज आला की झाडावरच्या बगळ्यांनी बिऱ्हाड हलवलं, काठावरच्या म्हशीला अवेळी पान्हा फुटला आणि आचलचे काका बंडूजी यांनी डोळे मिटून हात जोडले. नदी कोपली, असं त्यांना वाटलं.

नदी कोपली नव्हती. नदीवर कोपलेली एक बाई कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. लुगडं खोचलेलं, डोक्यावर रेतीचं घमेलं, हातात फावडं. ती नदीला सांगत होती, "इकून जाय म्हटलं ना तुले! तिकडं काऊन धावून राह्यली? तिकडं का तुह्या मामाचं लग्न हाय?"

आणि नदी, आचल आजही शपथेवर सांगते, थोडी इकून गेली.

पाहुण्यांकडे लक्ष गेल्यावर गोपिकाबाई घमेल्यासकट काठावर आल्या. चहा-पाणी, नाव-गाव, शिक्षण, सगळं बाजूला ठेवून त्यांनी आचलला एकच प्रश्न विचारला. "फावडं धरता येते का वं?"

"येते," आचल खोटं बोलली. लग्न ठरलं.

उमरीबेट म्हणजे वर्धा नदीला एका जागी कुठून जावं हे न सुचल्यामुळे तयार झालेलं गाव. ती दोन धारांनी वाहू लागली आणि मधे उरलेल्या जमिनीवर माणसांनी वांगी लावली. पश्चिमेची धार खोल. तिच्यावर डोंगा चालतो. पूर्वेची उथळ, ती चपला हातात घेऊन ओलांडायची. मधे वीसेक घरं, एक उंबर, एक मारुती, चौथीपर्यंतची शाळा, आणि बाकी सगळीकडे वांगी, वाल, भेंडी, रताळी. हे बेट चालतंसुद्धा. वरच्या टोकाला नदी त्याला खाते आणि खालच्या टोकाला गाळ टाकून परत देते. गोपिकाबाईंच्या सासऱ्याचं घर होतं तिथे आज मासे राहतात, आणि सासऱ्याच्या काळी मासे राहत होते तिथे आज गोपिकाबाईंची रताळी आहेत. "आमचं गाव बसून नाई राह्यत," त्या अभिमानाने सांगत. "तुमचं कारंजं पाह्य, जिथं होतं तिथंच हाय."

बेटाचा इतिहासही त्यांनी आचलला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच शिकवून टाकला. मालगुजाराच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, काळात हे बेट त्यांच्या आजेसासऱ्याला बक्षीस मिळालं. पराक्रमाबद्दल नव्हे, मालगुजाराचा मुनीम दरवर्षी मोजायला यायचा आणि बेट दरवर्षी वेगळ्याच आकाराचं निघायचं, म्हणून वैतागून. मग पूर आले. इतर गावं पुरांना सालाने ओळखतात. उमरीबेटात पुरांना नावं आहेत. रेड्याचा पूर, ज्यात मालगुजाराचा रेडा वाहत आला आणि परत गेला नाही. वऱ्हाडाचा पूर, ज्यात एक वरात बेटावर अडकली आणि पाणी उतरेपर्यंत तिने गावातलं एकूणएक वांगं खाल्लं. या दुसऱ्या पुराबद्दल गोपिकाबाई जास्त कडवटपणे बोलत. त्या वरातीतल्या नवऱ्याचं नाव खुशाल होतं, आणि नवरी त्या स्वतः होत्या.

"मी दोनच वांगी खाल्ली," खुशालराव ओट्यावरून म्हणत.

"तुम्ही चूप बसा जी. पाण्याचं सांगून राह्यली मी."

पाण्याचं सांगणं महत्त्वाचं होतं, कारण बेटाचं सगळं पोट त्या पूर्वेच्या धारेवर होतं. पलीकडच्या गावांत रानडुकरांनी भाजीपाला लावणं सोडायला लावलं होतं. एका रात्रीत कळप यायचा आणि सकाळी रताळ्याच्या वाडीत नुसते खड्डे. बेटावर डुक्कर येत नसे. त्याला पोहता येतं, हे गोपिकाबाईंना ठाऊक होतं. "पन तेबी हुशार असते. त्या काठाले कोरडी तूर उभी असताना ओलं काऊन होईन थे? वाडीत पीक हाय तोवर धार वाहून राह्यली पाह्यजे फक्त. उन्हाळ्यात आटली तं आटू दे, तवा वाडीत खायालेच काई नसते. धार बंद झाली का थे चालत येते, अन् मंग आपलं बेट संपलं."

आणि धार दरवर्षी बंद व्हायला टेकलेली असे. पावसाळ्याच्या शेवटी तिच्या तोंडाशी रेती साचायची. म्हणून दसऱ्याच्या सुमाराला अख्खं बेट एक काम करायचं: धार उघडायची. घरटी एक फावडं, एक घमेलं, आणि शेवटच्या दिवशी काठावर गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी. हुकूम गोपिकाबाईंचा. कुठे खणायचं हे त्या पाय बुडवून सांगत. डॉक्टर नाडी पाहतो तसा चेहरा करून उभ्या राहायच्या आणि मग अचानक ओरडायच्या, "इथं!" बगळे पुन्हा बिऱ्हाड हलवायचे.

आचलला सुरुवातीला हे सगळं वेडेपणाचं वाटलं. ती हायवेवरची मुलगी. तिच्या माहेरी रस्ता हा जन्मसिद्ध हक्क होता. चपला हातात घेऊन सासरी जायचं हे तिला लाजिरवाणं वाटे. बेटाला एक रपटा हवा, धारेवरून सिमेंटचा सरळ रस्ता, असं तिचं आणि गावातल्या सगळ्या तरुण मंडळींचं मत होतं. रपट्याची मागणी जुनीच होती. बांधकाम खात्याचे साहेब दरवर्षी मे महिन्यात पाहणीला यायचे, कोरड्या रेतीत उभे राहायचे, आणि पाणीच नाही तर रपटा कशाला, असं म्हणून निघून जायचे. गोपिकाबाई त्यांना खुशीने ताक पाजायच्या.

पण पहिल्याच दसऱ्याला आचलने खोटं निभावण्यासाठी फावडं धरलं. हाताला फोड आले, शिव्या बसल्या, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या फावड्याखालून रेतीचा एक बांध सुटला. थंड पाणी पायांवरून धडधडत खाली गेलं आणि काठावरची शेजारीण नलूकाकू चक्क टाळ्या वाजवू लागली. त्या दिवसापासून आचलला रपटा नको झाला. नवऱ्याने, शुभमने, कारण विचारलं तर म्हणाली, "माह्या धारेवर सिमेंट?" मग डुकरांचं आठवून शुभमही रपट्याचं नाव काढेनासा झाला.

गेल्या वर्षी रेती फारच साचली होती आणि खणायला माणसं थोडी. तरी गोपिकाबाईंनी धार उघडली. अशी उघडली की खुशालरावांच्या म्हणण्यानुसार वऱ्हाडाच्या पुरानंतर एवढं पाणी त्या बाजूला कोणी पाहिलं नव्हतं. रोडग्यांचा दिवस उजाडला आणि पलीकडच्या काठावर सरकारी जीप थांबली. मेमध्ये निवडणुकीच्या कामामुळे साहेबांची पाहणी राहून गेली होती.

"आई," शुभम घाईने कानात म्हणाला, "काई बोलू नको. म्हनजो, हे कालच आलं, उद्या आटते."

"मले अक्कल नाई का?" गोपिकाबाई म्हणाल्या. आणि खरोखर त्या गप्प बसल्या. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्यांना भूक लागली होती, परत जायची घाई होती. "एवढ्याशा ओघळाला कसला रपटा?" ते म्हणाले.

आचलने सासूचा पदर धरला. उशीर झाला होता.

"ओघळ?" गोपिकाबाई म्हणाल्या. "ओघळ म्हन्ते तुम्ही हिले?"

"आई, राहू द्या ना, जाऊन राह्यले ते," आचल.

"नाई, कसं राहू देऊ? साहेब, उतरा. उतरा म्हन्तो ना! पाय टाका, मंग ओघळ म्हना."

साहेब उतरले. त्या आवाजापुढे कोणीही उतरलं असतं, आणि गोपिकाबाई स्वतः लुगडं खोचून या काठाने धारेत शिरल्याच होत्या. गुडघ्यापर्यंत गेले तेव्हा गोपिकाबाईंनी रेड्याचा पूर सांगितला. मांडीपर्यंत गेले तेव्हा मालगुजार आणि मुनीम. कमरेपर्यंत पोचले तेव्हा वरात, वांगी आणि खुशालराव यांच्यासह सगळा इतिहास संपवून त्या म्हणाल्या, "बारा महिने माह्या धारेले पानी असते. मे महिन्यातबी आत, रेतीखालून चालू असते. माहीत हाय?" तेवढ्यात साहेबांचा एक बूट पाण्याने ओढला आणि तो वाकडातिकडा होत आर्वीच्या दिशेने निघून गेला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. जन्मात पहिल्यांदाच एखादी गोष्ट पटलेल्या माणसासारखा.

"ताई," ते म्हणाले, "एवढ्या पाण्यातून तुम्ही लोक रोज येता-जाता?"

"हाव!" गोपिकाबाई विजयाने म्हणाल्या. "लेकरंबी येते!"

शुभमने कपाळावर हात मारला. आचल मात्र काठावर उभी राहून सासूकडे पाहत होती. धारेच्या मधोमध लुगडं खोचून उभी असलेली, खोटं बोलायचं ठरवून एक वाक्यसुद्धा खोटं न बोलू शकलेली बाई. तिला राग यायला हवा होता. तिने जाऊन साहेबांना हात दिला, बाहेर काढलं आणि रोडगे वाढले. साहेबांनी तीन खाल्ले.

रपटा उन्हाळ्यात बांधून झाला. पहिल्या पावसाळ्यानंतर रानडुकरं त्यावरून चालत आली. रताळी गेली, वालही गेले. आता बेटाला सोलरच्या झटका मशीनचं कुंपण आहे, आणि यंदा दसऱ्याला धार उघडायला कोणी गेलं नाही.