त्यानं घंटेला हात वर केला तेव्हा

मंडळी, सकाळचं एक दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहितेय.

मी डिचोलीकडे आमच्या गावच्या देवळाच्या दारात फुलं विकते. आज आमच्याच गावची एक आई लेकीला घेऊन प्रसाद लावायला, म्हणजे देवाचा कौल घ्यायला आली होती. लेक बरेच दिवस माहेरी होती. तिला सासरी परत पाठवायचं की नाही, ते देवाला विचारायचं होतं. जावई सावंतवाडीहून गाडी घेऊनच आला होता.

भटजींनी गाऱ्हाणं घालून मूर्तीवर पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर राहायचं. सगळे पाकळ्यांकडे टक लावून उभे.

इतक्यात जावयानं घंटा वाजवायला हात वर केला, आणि शेजारी उभ्या असलेल्या लेकीनं चटकन मान खाली घालून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

हे फक्त मला दिसलं. आणि मला दिसलं, हे त्याला कळलं.

तो हसला. "ही पयल्यापासून भित्रीच," मला म्हणाला.

उजवी पाकळी पडली. "देवान उजवो दिलो! वच बाये," म्हणत आईनं तिला सासरी जायला सांगितलं आणि आनंदानं डोळे पुसले. देवानं कौल दिल्यावर फुलवालीनं मध्ये काय बोलायचं? मी हार ओवत राहिले.

गाडीत बसताना तो तिच्या कानाशी काहीतरी बोलला. नजर मात्र माझ्यावर होती.

एव्हाना ती दोघं घरी पोचली असतील. माझ्या बघण्याचे भोग तिला भोगावे लागणार, असं सारखं वाटतंय.

तिची आई आमच्याकडे उजव्या कौलाची साखर घेऊन आलीय. दारात उभी आहे. काय सांगू तिला?